हाताच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन आणि अँटिबायोटिक: एक डोस की पाच दिवस?

हाडवैद्य | सोमवार, रात्री ९:४०

मनगटाच्या प्लेटिंगचे (मोडलेलं हाड धातूच्या पट्टीने बसवण्याचे) केसपेपर चाळले की एक साचा सारखा दिसतो. सेफोपेराझोन-सल्बॅक्टम दिवसातून दोनदा, सोबत अमिकासिन, असं तीन ते पाच दिवस. घरी जाताना सेफिक्झिमच्या गोळ्या, आणखी सात दिवस. एवढं सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं. पण पहिला डोस किती वाजता गेला आणि टूर्निके (हाताचा रक्तपुरवठा थांबवणारा हवेचा पट्टा) किती वाजता फुगवला, या दोन वेळा शोधूनही सापडत नाहीत. माझ्या मते संसर्ग टाळायचा असेल तर पुढच्या दहा दिवसांच्या औषधांपेक्षा त्या दोन वेळा महत्त्वाच्या आहेत. म्हणून हा धागा.

आधी सरळ केस घेऊ. बंद फ्रॅक्चर, कातडी शाबूत, प्लेट किंवा नेल (हाडाच्या आतली सळई) घालायचा आहे. दंड, कोपर, पुढच्या हाताची दोन हाडं, मनगट, काहीही असो.

सेफाझोलिन २ ग्रॅम शिरेतून. वजन १२० किलो किंवा त्याहून जास्त असेल तर ३ ग्रॅम. मुलांना किलोमागे ३० मिग्रॅ, कमाल २ ग्रॅम. १ ग्रॅमची व्हायल १० मिली इंजेक्शनच्या पाण्यात विरघळवायची, म्हणजे मोठ्या माणसाला एकूण २० मिली, ३ ते ५ मिनिटांत सावकाश. छेदाआधी ६० मिनिटांच्या आत द्यायचं, आणि टूर्निके फुगवण्याच्या किमान १० मिनिटं आधी सगळा डोस आत गेलेला हवा. ऑपरेशन लांबलं तर पहिल्या डोसपासून ४ तासांनी दुसरा. रक्तस्राव दीड लिटरवर गेला तर ४ तासांची वाट बघायची नाही. टाके घातले की अँटिबायोटिक संपलं. अगदीच जीव राहत नसेल तर २४ तास, त्यापुढे नाही.

हे माझं खासगी मत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधक अँटिबायोटिक लांबवू नका अशी ठाम शिफारस केली. अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेनेही २०१७ मध्ये तेच सांगितलं, अगदी ड्रेन ठेवलेली असली तरी. आपल्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत अस्थिशस्त्रक्रियेसाठी सेफाझोलिन किंवा सेफ्युरॉक्झिम, कमाल २४ तास, असं आहे.

एक डोस पुरतो याला आधार काय, हा प्रश्न येणारच. बंद फ्रॅक्चरवरचा सगळ्यात मोठा अभ्यास नेदरलँड्सचा, १९९६ साली लॅन्सेटमध्ये आलेला. २१९५ रुग्ण. निम्म्यांना ऑपरेशनआधी सेफ्ट्रिआक्सोनचा एकच डोस, निम्म्यांना प्लसिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन. जखमेचा संसर्ग प्लसिबो गटात ८.३ टक्के, डोस मिळालेल्यांत ३.६ टक्के. एका इंजेक्शनने प्रमाण निम्म्याहून खाली आलं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या अभ्यासात एका डोसची तुलना शून्य डोसशी होती, पाच दिवसांच्या कोर्सशी नव्हती. पाच दिवसांचा प्रश्न वेगळ्या अभ्यासांतून सुटतो, त्यावर पुढे बोलूच.

(रुग्ण किंवा नातेवाईक वाचत असतील तर: चालू औषध या धाग्यावरून बंद करू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा.)

भूलभुलैया | सोमवार, रात्री १०:१५

वाचनखूण साठवली. भुलेच्या बाजूने भर घालतो, कारण हा डोस प्रत्यक्षात आम्हीच देतो.

हाताची बहुतेक ऑपरेशनं ब्रेकियल ब्लॉकखाली (फक्त हात बधिर करणाऱ्या इंजेक्शनखाली) होतात आणि वेळेचा घोळ तिथेच सुरू होतो. वॉर्डातून 'पेशंट वर पाठवा' असा फोन गेला की वॉर्डातली सिस्टर डोस देऊन मोकळी होते. मग आधीची केस लांबते, सी-आर्म (ऑपरेशनमधलं एक्स-रे यंत्र) दुसऱ्या खोलीत असतो, ब्लॉक लागायला २० ते ३० मिनिटं, रुग्णाचा हात धुऊन ड्रेप करायला (निर्जंतुक कापडांनी झाकायला) आणखी १५. छेद घेईपर्यंत दीड-दोन तास उलटलेले असतात. सेफाझोलिनचं अर्धायुष्य साधारण पावणेदोन-दोन तास. म्हणजे ऑपरेशनच्या सुरुवातीलाच अर्धं औषध गेलेलं.

उलटा प्रकारही होतो. ब्लॉक झाला, हात उंच धरून रबरी पट्टीने रक्त पिळून काढलं, टूर्निके फुगला, आणि मग कोणाला तरी आठवतं, 'अँटिबायोटिक दिलं का?' आता दिलेलं औषध सगळ्या शरीरात फिरेल, फक्त त्या हातात जाणार नाही. टूर्निके उतरेपर्यंत, म्हणजे दीड-दोन तास, जखमेत औषधाचा अंशही नाही. मांडीच्या हाडाच्या किंवा खुब्याच्या ऑपरेशनला ही अडचण येत नाही. हाताला आणि गुडघ्याखाली ती कायमची.

ब्लॉकची सुई बाहेर काढली की लगेच डोस, ही वेळ मला सगळ्यात सोयीची वाटते. ब्लॉक चढेपर्यंत औषध ऊतींत पोचतं, टूर्निकेच्या आधीची १० मिनिटं आपोआप मिळतात, रुग्ण मॉनिटरवर असतो आणि जागा असतो. अ‍ॅलर्जी झालीच तर खाज, घसा आवळल्यासारखं होणं तो स्वतः सांगतो. पूर्ण भूल द्यायची असेल तर भुलेची औषधं देण्याच्या काही मिनिटं आधी द्यावं. दोन्ही एकदम दिली आणि रक्तदाब कोसळला, तर कशाने कोसळला ते कळत नाही.

कॅन्युला अर्थातच दुसऱ्या हातात. पण त्याच हाताला रक्तदाबाचा पट्टाही असतो. दर ५ मिनिटांनी तो फुगला की सलाईन थांबतं, कधी कॅन्युलात रक्त उलटं येतं. डोस देताना पट्टा थांबवा किंवा पायाला लावा.

तालुका_सर्जन | मंगळवार, सकाळी ७:०५

सगळं पटलं, एक सोडून. नेदरलँड्सची ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि तालुक्याची ओटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे खिडकीतला एसी, हवेला गाळणी नाही, एकाच टेबलावर सकाळी गळवाचा निचरा आणि दुपारी प्लेटिंग. रुग्ण शेतातून आलेला, तंबाखू खाणारा, साखर ३०० च्या आसपास. अशा ठिकाणी एका डोसवर घरी पाठवायचं आणि प्लेट पिकली तर मार कोणी खायचा? पाच दिवसांचं औषध हा आमचा विमा आहे.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ८:३०

तालुका_सर्जन, तुम्ही सांगताय ते धोके खरे आहेत. पण पाच दिवसांचं औषध त्यांतल्या कुठल्या धोक्यावर चालतं, ते एकेक करून बघू.

जखमेत जंतू पडतात ते छेदापासून टाक्यांपर्यंतच्या वेळात. बहुतेक रुग्णाच्या कातडीवरचे, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि त्याचे भाऊबंद. जिथे परकी वस्तू नाही तिथे हे जंतू लाखांच्या संख्येने लागतात तेव्हा पू होतो. धातू किंवा धागा आत असेल तर शेकड्यांनीही भागतं. इंप्लांटवर ते चिकटले की चिकट थर तयार करतात आणि त्या थराखाली गेलेल्या जंतूला रक्तातलं अँटिबायोटिक सहज मारू शकत नाही. म्हणून औषध जंतू पडण्याच्या आधी ऊतींत हवं. गिनीपिगांवरच्या १९६१ च्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं: जंतू टोचल्यानंतर तीन तासांनी दिलेल्या औषधाचा उपयोग जवळजवळ शून्य. १९९२ मध्ये अमेरिकेत २८४७ रुग्णांच्या नियोजित ऑपरेशनांचा हिशेब मांडला गेला. छेदाआधीच्या दोन तासांत डोस मिळालेल्यांत संसर्ग ०.६ टक्के, त्याहून आधी दिलेल्यांत ३.८, ऑपरेशननंतर सुरू केलेल्यांत ३.३.

आता तुमची यादी. हवेतली धूळ आणि आधीच्या केसचा पू: त्यातले जंतूही छेद उघडा असतानाच पडतात, तेव्हा तोच पहिला डोस. हत्यारं नीट निर्जंतुक नसतील तर स्यूडोमोनास, किंवा नळाच्या पाण्यातले क्षयाच्या जंतूचे दूरचे नातलग, मायकोबॅक्टेरियम फोर्ट्युइटम आणि चेलोनी. हे दुसरे महाशय दीड-दोन महिन्यांनी जखमेतून झिरपा सुरू करतात, साध्या कल्चरच्या दोन दिवसांत उगवत नाहीत आणि तुमच्या पाच दिवसांच्या औषधाने जात नाहीत. साखर आणि तंबाखूवर अँटिबायोटिकचा काही इलाजच नाही.

आणि घरी जातानाच्या गोळ्या! सेफिक्झिम स्टॅफ ऑरियसवर जवळपास निकामी आहे. ज्या जंतूची भीती, त्यालाच न लागणारं औषध सात दिवस. अमिकासिनची तीच कथा: हाडात नीट पोचत नाही, आणि साठीच्या बाईला डायक्लोफिनॅकसोबत दिलं तर मूत्रपिंडाला दुहेरी मार. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा २०१९ मध्ये आलेला मोठा अभ्यास हेच दाखवतो. प्रतिबंधक औषध २४ तासांपुढे जितकं लांबलं तितकी मूत्रपिंडाची इजा आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे जुलाब वाढले, जखमेचे संसर्ग मात्र कमी झाले नाहीत.

याला विमा म्हणायचं, तर हप्ता रुग्ण भरतो आणि भरपाई कोणालाच मिळत नाही.

तालुका_सर्जन | मंगळवार, सकाळी ९:१०

सेफिक्झिमचा मुद्दा बिनतोड. मग तालुक्याने काय करावं तेही सांगा, नुसतं बंद करा म्हणू नका.

रश्मी_ओटी | मंगळवार, दुपारी २:२०

डॉक्टर, ओटीच्या बाजूने मी सांगते. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

भिंतीवर पांढरा फळा. त्यावर चार ओळी: अँटिबायोटिकचं नाव आणि डोस, दिल्याची वेळ, टूर्निके फुगवल्याची वेळ, दुसरा डोस देय असल्याची वेळ. छेदाआधीच्या 'टाइम आउट'ला (सगळ्यांनी थांबून पडताळणी करायच्या वेळी) सर्जनने फळ्याकडे बघून मोठ्याने वाचायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणी यादीत 'गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का' हा प्रश्न आहेच. आपण फक्त 'टूर्निकेआधी का' एवढं जोडायचं.

वॉर्डातून डोस द्यायचा नाही. व्हायल केसपेपरसोबत ओटीत येते, तिथेच विरघळवतात.

आदल्या रात्री काखेपासून मनगटापर्यंत वस्तरा फिरवणं बंद. वस्तऱ्याने बारीक चिरा पडतात आणि सकाळपर्यंत त्यात जंतू वाढतात. केस आड येत असतील तेवढेच, त्याच दिवशी, क्लिपरने. नखं कापून त्यांखालची माती ब्रशने काढायची. शेतकरी माणसाच्या मनगटाच्या ऑपरेशनला हे सर्वात आधी, कारण नख छेदापासून वीतभर अंतरावर असतं.

टूर्निकेखालचा कापूस स्पिरिटने किंवा क्लोरहेक्सिडिनच्या स्पिरिटयुक्त द्रावणाने भिजू द्यायचा नाही. दीड तास दाबाखाली ओला कापूस राहिला की कातडी भाजल्यासारखी होते. टूर्निकेच्या खालच्या कडेला चिकट प्लॅस्टिक लावलं की काम भागतं. द्रावण पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर कॉटरीने (रक्त थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाने) पेट घ्यायची भीती वेगळीच.

कंपनीचा इंप्लांट सेट रात्री उशिरा येतो आणि सकाळी पहिल्या केसला लागतो, ही खरी मेख. तो सेट आधीच्या गावातून कसा आलाय ते कोणालाच माहीत नसतं. उघडायचा, प्रत्येक ड्रिल गाईड आणि स्क्रूचा डबा ब्रशने धुवायचा, वाळवायचा, गुंडाळून ऑटोक्लेव्हचं (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचं) पूर्ण चक्र द्यायचं. इंप्लांट 'फ्लॅश' करायचा नाही, म्हणजे न गुंडाळता घाईचं छोटं चक्र द्यायचं नाही. ड्रिल मशीन ऑटोक्लेव्हमध्ये जात नाही म्हणून अजूनही फॉर्मलिनच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवतात काही ठिकाणी. तासाभरात त्यातून काहीच निर्जंतुक होत नाही. निर्जंतुक कापडी झाकण आणि ऑटोक्लेव्ह होणारी चक (ड्रिलचं पातं पकडणारा भाग), हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

गळवाची केस दिवसाच्या शेवटी लावा, सुरुवातीला नको.

हाडवैद्य | मंगळवार, दुपारी ३:००

सिस्टर, तुमच्या प्रतिसादाला वेगळा धागा शोभेल.

तालुका_सर्जन, साखरेबद्दल: मनगटाच्या प्लेटिंगला दोन-चार दिवस थांबून काही बिघडत नाही. स्लॅब (अर्धं प्लॅस्टर) घालून हात उंच ठेवा, इन्सुलिनने साखर २०० च्या खाली आणा आणि मग चीर घ्या. ऑपरेशनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही २०० च्या खालीच. सूज इतकी असेल की कातडीवरच्या सुरकुत्या दिसत नाहीत, तर तेही थांबण्याचंच लक्षण. ओढूनताणून बंद केलेल्या जखमेची कड काळी पडते आणि जंतूंना दार उघडं मिळतं.

नाना_फार्मा | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

सेफाझोलिन लिहून देणं सोपं, पण मिळतं का? छोट्या गावांतली दुकानं ते ठेवत नाहीत कारण कोणी लिहीत नाही, आणि डॉक्टर लिहीत नाहीत कारण दुकानात नसतं. रुग्णालयाने महिन्याचा अंदाज देऊन ठोक विक्रेत्याकडून मागवलं तर येतं.

तोवर पर्याय सेफ्युरॉक्झिम १.५ ग्रॅम, पुढचा डोस ४ तासांनीच. सेफ्ट्रिआक्सोनचं अर्धायुष्य आठ तासांच्या आसपास, त्यामुळे दुसऱ्या डोसची कटकट नाही, म्हणून ते लोकप्रिय. पण स्टॅफ ऑरियसवर सेफाझोलिनचा जोर जास्त, आणि सेफ्ट्रिआक्सोनने आतड्यातले जंतू विनाकारण होरपळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत सेफाझोलिन पहिल्या, बिनधास्त वापरायच्या गटात. सेफ्युरॉक्झिम आणि सेफ्ट्रिआक्सोन दोन्ही जपून वापरायच्या गटात. सेफोपेराझोन-सल्बॅक्टम प्रतिबंधासाठी वापरणं म्हणजे औषध वाया घालवणं. उद्या खरा संसर्ग झाला तर हातात काय उरेल?

पॅरा_मेडिको | मंगळवार, रात्री ८:३०

दोन प्रश्न. आमच्याकडे प्रत्येकाला कातडीत टेस्ट डोस देऊन अर्धा तास थांबतात. ते बरोबर का? आणि रुग्ण म्हणाला 'मला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे' तर?

भूलभुलैया | मंगळवार, रात्री ९:२०

ज्याला आधी कधी त्रास झालेला नाही त्याला सरसकट टेस्ट डोस देण्यात अर्थ नाही. कातडी लाल झाली तर बहुतेकदा नुसती जळजळ असते; काही झालं नाही म्हणून पूर्ण डोसला तीव्र प्रतिक्रिया येणार नाही याची हमी नाही. त्यापेक्षा नीट विचारपूस करा, आणि डोस ओटीत मॉनिटर लावून द्या. अ‍ॅड्रेनलिन हाताशी हवं: मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत ०.५ मिग्रॅ, म्हणजे १:१००० च्या अँप्यूलमधलं अर्धा मिली. कपाटात कुलूपबंद अ‍ॅड्रेनलिन असणं आणि नसणं सारखंच.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी: आधी विचारा, नेमकं काय झालं होतं. उलटी, जुलाब, चक्कर म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. खरंच गांध्या उठल्या किंवा दम लागला असेल तरीही सेफाझोलिन चालतं, कारण त्याच्या रेणूची बाजूची साखळी पेनिसिलिनशी आणि इतर सेफॅलोस्पोरिनांशी जुळत नाही. टाळायचं ते दोन प्रसंगी: खुद्द सेफाझोलिनचीच प्रतिक्रिया आली असेल, किंवा पूर्वी अंगभर कातडी सोलून निघाली असेल, तोंडात-डोळ्यांत फोड आले असतील.

तेव्हा क्लिंडामायसिन ९०० मिग्रॅ, पुढचा डोस ६ तासांनी. किंवा व्हँकोमायसिन किलोमागे १५ मिग्रॅ. ६० किलोला ९०० मिग्रॅ. हे ढकलायचं नाही. ग्रॅमला किमान एक तास या गतीने, छेदाआधी दोन तासांच्या आत सुरू करून टूर्निकेआधी संपवायचं. घाईने दिलं की मान-छाती लालबुंद होते, खाज सुटते, रक्तदाब उतरतो. मग ड्यूटीवरचा कोणीतरी 'अ‍ॅलर्जी' असा शिक्का मारतो आणि तो आयुष्यभर पुसला जात नाही. साध्या स्टॅफवर व्हँकोमायसिन सेफाझोलिनपेक्षा दुबळं आहे, त्यामुळे 'भारी औषध' म्हणून ते निवडू नका.

कडबाकुट्टी | बुधवार, सकाळी ६:५०

बंद फ्रॅक्चरचं झालं. ग्रामीण महाराष्ट्रात हाताची वाट लावतात ती मळणी यंत्रं, उसाचे चरक आणि माझ्या आयडीवालं यंत्र. उघड्या फ्रॅक्चरचं काय?

हाडवैद्य | बुधवार, सकाळी ८:१५

तिथे नियम बदलतो. जंतू आधीच आत गेलेले असतात, म्हणून घड्याळ जखमेपासून सुरू होतं. लक्ष्य: इजा झाल्यापासून तासाभरात पहिला डोस. ओटीची वाट बघायची नाही, एक्स-रेचीही नाही. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण आधी पोचला तिथेच सेफाझोलिन २ ग्रॅम, धनुर्वाताचं इंजेक्शन, जखमेवर सलाईनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक ड्रेसिंग, स्लॅब; आणि चिठ्ठीवर डोसची वेळ. जिल्ह्याला पोचायला अडीच तास लागणार असतील तर या दहा मिनिटांनी पुष्कळ फरक पडतो.

उघड्या फ्रॅक्चरमध्ये सेफॅलोस्पोरिनचा उपयोग १९७४ मध्येच सिद्ध झाला: औषध नसलेल्या गटात संसर्ग १३.९ टक्के, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनला ९.७, सेफॅलोथिनला २.३.

गस्टिलो वर्गवारीतला (उघड्या फ्रॅक्चरच्या तीव्रतेच्या वर्गवारीतला) पहिला आणि दुसरा प्रकार: सेफाझोलिन दर ८ तासांनी, जखम बंद झाल्यावर २४ तासांनी थांबवा. तिसरा प्रकार, म्हणजे स्नायू चिरडलेले, हाड उघडं: सोबत जेंटामायसिन किलोमागे ५ मिग्रॅ दिवसातून एकदा. ६० किलोला ३०० मिग्रॅ, ८० मिग्रॅच्या अँप्यूलमधून साडेसात मिली, १०० मिली सलाईनमधून अर्ध्या तासात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी बघा. बिघडलेलं असेल तर जेंटाऐवजी सेफ्ट्रिआक्सोन. इजेपासून ७२ तास, किंवा जखम झाकल्यावर २४ तास, यातलं जे आधी येईल तिथे थांबायचं. जखम उघडी आहे तोवर दहा-पंधरा दिवस औषध चालू ठेवलं तर फक्त हट्टी जंतू निवडले जातात.

शेणमाती शिरलेली, चेंदामेंदा झालेली जखम असेल तर क्लॉस्ट्रिडियमसाठी पेनिसिलिन मोठ्या मात्रेत. आपल्याकडे मेट्रोनिडाझोल जोडतात. पण खरं औषध म्हणजे मेलेला स्नायू कापून काढणं. चिमटा लावल्यावर आकसत नाही, कापल्यावर रक्त येत नाही, तो स्नायू गेला. कुट्टीच्या जखमेत कडब्याचे तुकडे स्नायूंच्या पडद्यांमधून वर कोपरापर्यंत घुसलेले असतात. फ्रॅक्चरच्या जागेपुरतं धुऊन बंद केलं की चौथ्या दिवशी वरच्या बाजूने पू येतो. धुवायला साधं सलाईन, बाटली उंचावर टांगून, लहान जखमेला ३ लिटर, मोठीला ९ लिटरपर्यंत. जोराच्या फवाऱ्याने घाण उलट आत जाते.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, सकाळी ९:००

दोन अपवाद जोडते. बोटाच्या टोकाचं उघडं फ्रॅक्चर, दारात बोट सापडून होतं ते: लगेच नीट धुऊन साफ केलं तर अँटिबायोटिकने वेगळा फायदा दिसत नाही. हाताच्या पंजाचा रक्तपुरवठाच इतका चांगला.

याच्या अगदी उलट, मारामारीत दातावर मूठ लागून सांध्यापाशी झालेली जखम. दिसायला अर्ध्या सेंटिमीटरची, खाली सांधा उघडा. तिथे तोंडातला आयकेनेला कोरोडेन्स असतो. त्याला सेफाझोलिन, क्लिंडामायसिन, मेट्रोनिडाझोल यांपैकी काहीच लागत नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड द्या आणि सांधा उघडून धुवा. रुग्ण 'दारावर हात आपटला' असंच सांगतो.

खांदा | बुधवार, रात्री १०:३०

दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाबद्दल कोणी बोललं नाही. खांद्याला, काखेला क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस असतो, तेलग्रंथींच्या आत. वरून लावलेलं द्रावण तिथे पोचत नाही, छेद घेतला की तो बाहेर येतो. सेफाझोलिन त्यावर चालतं, मेट्रोनिडाझोल अजिबात नाही. मुरुमांसाठी मिळणारं ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल ऑपरेशनआधी दोन-तीनदा लावलं तर कातडीवरचं प्रमाण घटतं. कपड्यांचा रंग उडतो, ते आधी सांगा.

हा जंतू पू करत नाही, ताप आणत नाही. महिन्यांनी खांदा दुखत राहतो, स्क्रू सैल दिसतो. कल्चर १४ दिवस ठेवायला प्रयोगशाळेला लिहून द्या, नाहीतर पाचव्या दिवशी 'वाढ नाही' असा अहवाल हातात पडतो.

पॅरा_मेडिको | गुरुवार, सकाळी ७:४०

लहान मुलाचं कोपर, नुसत्या के-वायर (हाड धरून ठेवणाऱ्या बारीक तारा). त्यालाही डोस?

हाडवैद्य | गुरुवार, सकाळी ८:०५

बंद पद्धतीने वायर घातल्या तर डोस दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत फरक न दिसल्याचे अभ्यास आहेत. संसर्ग मुळातच कमी. एक डोस द्यायचा असेल तर हरकत नाही. वायर बाहेर आहेत म्हणून तीन-चार आठवडे सिरप देणं मात्र चूक. वायरीच्या तोंडाशी चिघळण्याची कारणं यांत्रिक असतात: कातडी वायरीवर ताणलेली राहिली, टोक न वाकवल्याने प्लॅस्टरमध्ये वायर हलत राहिली, किंवा ड्रिल पूर्ण वेगात फिरवून हाड जाळलं. ताणलेल्या कातडीला टोकाशी बारीक छेद द्या, वायर वाकवून खाली जाड गॉझ ठेवा, ड्रिल सावकाश. तरी लाल झालंच तर घट्ट वायर राहू द्या आणि औषध द्या. सैल झालेली वायर काढा, ती धरून काही ठेवत नाही.

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, सकाळी ८:५०

मोठ्यांच्या प्लेटबाबत एक विनंती. आठव्या-दहाव्या दिवशी जखम झिरपायला लागली की 'गोळ्या बदलून बघू' करू नका. वरवरच्या स्वॅबमध्ये कातडीचे जंतू येतात. जखम ओटीत उघडा, प्लेटच्या जवळच्या पाच ठिकाणांहून ऊतीचे तुकडे घ्या, प्रत्येकाला वेगळं हत्यार आणि वेगळी बाटली, आणि रुग्ण स्थिर असेल तर तुकडे घेतल्यावरच अँटिबायोटिक सुरू करा. दोन तुकड्यांत तोच जंतू आला तर संसर्ग पक्का. आणि प्लेटच्या रुग्णांची नोंद ९० दिवस ठेवा. टाके काढल्यावर वही बंद केली तर आपला संसर्गाचा दर नेहमीच शून्य निघतो!

रश्मी_ओटी | गुरुवार, दुपारी १:३०

भूलभुलैया सर, एक शंका. कोपराच्या दोन प्लेटची केस. डोस ९:२० ला, टूर्निके ९:४५ ला. दोन तास झाले म्हणून ११:४५ ला उतरवला, वीस मिनिटांनी परत फुगवणार. दुसरा डोस १:२० ला देय, तेव्हा टूर्निके फुगलेला असणार. मग फळ्यावर काय लिहायचं?

भूलभुलैया | गुरुवार, दुपारी २:१०

सिस्टर, ११:५० लिहा. टूर्निके उतरला की हातात रक्त येतं ती वीस मिनिटंच आपल्याकडे आहेत. तेव्हाच २ ग्रॅम देऊन टाका, १:२० ची वाट बघितली तर औषध हाताच्या बाहेरच राहील. मूत्रपिंड ठीक असेल तर दीड तास आधी दिल्याने काही बिघडत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पहिल्याच डोसची पातळी टिकून असते, तिथे दुसरा डोस टाळता येतो. पण ते फळ्यावर 'दुसरा डोस नाही, क्रिएटिनिनमुळे' असं कारणासकट लिहा, नाहीतर रिकव्हरीतला कोणीतरी राहिला समजून देऊन टाकतो.